अर्धी पाटी

नगर, २३ जून २०२५

प्रिय मुबारक,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळं ठीक आहे, म्हणजे हे ठीक आहेत आणि मी जी काही आहे ती आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर गेल्या वेळी मी बोलत होते आणि तू 'रेंज न्हाई, रेंज न्हाई' म्हणून फोन ठेवून दिलास. रेंज होती, मुबारक. आवाज नव्हता. माझा आवाजच बारीक झालाय. मोबाईलवर लिहायला जावं तर एका बोटाला तीन-तीन अक्षरं उमटतात. म्हणून हा जुना रस्ता धरलाय.

आता मुद्द्याचं. मला कंपवात झालाय. डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. वर्ष होत आलं. उजवा हात थरथरतो, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात, आणि अक्षर लिहिता लिहिता मुंगीएवढं होत जातं. हे बरं होणारं दुखणं नाही. गोळी घेतली की दोन-तीन तास हात ताळ्यावर असतो, मग पुन्हा सुरू. तिसगावच्या शाळेत एकोणीस वर्षं भिंतीवर सुविचार रंगवले मी, आणि परवा वाण्याला यादी दिली तर त्याने विचारलं, बाई, हे काय लिहिलंय ते तुम्हीच वाचून दाखवता का.

व्यायाम शिकवायला देवश्री नावाची मुलगी येते. असेल सव्वीस वर्षांची. ती मला गृहपाठ देते. रोज एक पान, हाताने, मोठ्या अक्षरात. काय लिहू विचारलं तर म्हणाली, जिच्याशी भांडता येतं अशा एखाद्या मैत्रिणीला पत्र लिहा. मला पहिलं तुझंच नाव आठवलं. तिचा आणखी एक नियम आहे. 'जमत नाही' म्हणायचं नाही, 'अजून जमत नाही' म्हणायचं. मी म्हटलं, बाई गं, सहासष्टाव्या वर्षी 'अजून'ला जागा कुठे उरलीय? ती हसली आणि एका पानाची दोन पानं केली.

हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. मुलालाही अर्धंच सांगितलंय. तू तोंड उघडलंस तर बघ.

तुझी,
शोभा


तिसगाव, ४ जुलै २०२५

शोभाबाईस मुबारकबीचा सलाम.

पत्र पोचलं. वाचून रडले. हे एकदाच सांगते, पुन्हा सांगनार न्हाई. रडून झाल्यावर बिनसाखरेचा चा पिले आनि टेप घिऊन बसले.

पयल्या ओळीतलं अक्षर तीन सूत भरलं. मधी दोन. खाली 'तुझी शोभा' लिवलंय त्ये अर्धं सूत बी न्हाई. कागूद घडी घालून तेवढी एकच ओळ नातीला, तमन्नाला दावली, तवा तिनं मोबाईलवर मोठी करून वाचली. वर ऐसपैस आनि खाली आवळलेलं असं झंपर मी शिवून दिलं असतं तर गिऱ्हाइकानं त्ये माझ्या अंगावर फेकलं असतं. धापैकी तीन मार्क. रागावू नको, तू बी पोरींना असंच हात आखडून द्यायचीस.

आता माझं काम ऐक. आपली तमन्ना दिवाळीच्या आधी दुकान काढतीये, एस्टी स्टँडाच्या समोर. 'तमन्ना टेलर्स'. पोरीचा हात लई साफ हाय, माझ्यापेक्षा बी. फैयाज म्हनतो, अम्मी, दहा मिन्टात फ्लेक्स छापून आनतो, वर तिचा फोटू बी टाकू. बाप हाय तो, त्याला काय कळतंय. मी चाळीस वरसं घराच्या ओट्यावर मशीन टाकून शिवलं, कधी पाटी लावली न्हाई. घरात पयली पाटी लागनार ती तुझ्या हातची. पत्रा मी आनून ठिवते, फैयाज निळा रंग मारंल, वर पांढरी अक्षरं तू काढायची. जमत न्हाई म्हनू नको. त्या देवश्रीचा नियम मला बी पटला.

मुबारक


नगर, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय मुबारक हीस,

सप्रेम नमस्कार. तुझे दिनांक ४ जुलैचे पत्र पोहोचले. सदर पत्रातील मजकूर वाचून आनंद झाला.

देवश्रीने सुचविलेल्या व्यायामामुळे हस्ताक्षरात समाधानकारक सुधारणा झालेली असून ती तुला प्रस्तुत पत्रावरून दिसून येईलच. प्रकृती उत्तम आहे.

पाटीबाबत लिहावयाचे तर, सध्या इतर व्यापांमुळे सदर कामास वेळ देणे शक्य होणार नाही. फैयाजची फ्लेक्सची सूचना योग्य वाटते. तमन्नाच्या दुकानास मनःपूर्वक शुभेच्छा. गैरसमज नसावा.

ठिकाण : नगर

तुझी,
शोभा


तिसगाव, १९ ऑगस्ट २०२५

बाई,

धापैकी शून्य.

टेप लावला. पयल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं तीन सूत. एक केसाचा फरक न्हाई. धडधाकट मानसाला एवढं सारखं येत न्हाई, तुला कुठनं आलं? डाव्या अंगाला चार बोटं जागा सोडलीये, कोर्टाच्या कागदावानी. दोनदा 'सदर' आलंय. शोभे, चाळीस वरसं दुसऱ्यांची शिवन उसवून मी पोट भरलंय. टाका कुनाचा हाय त्ये मला नुस्तं बोट फिरवून कळतं. ही शिवन यज्ञेश्वर भाऊजींची. कोर्टात तीस वरसं त्येंनी नकला केल्या, एकतिसाव्या वरशी बायकोची केली.

आनि तू? नक्कल करनारी पोरगी घावली की तू तिला वर्गाबाहेर उभी करायचीस. मंग आता जा, गॅलरीत उभी ऱ्हा. भाऊजींना बी शेजारी घे.

मला राग नकलेचा न्हाई. 'प्रकृती उत्तम' लिवलंस त्याचा हाय. हे माझ्यासंगं कशाला?

एक गोष्ट सांगते, तुला कधी सांगितली न्हाई. अकरा वरसांखाली मला शुगर निघाली, तवा मी बी लपवली. वाटलं, लोकं म्हनतील मुबारकबी खपली आता, शिवायला दुसरीकडं टाकू. त्या सालच्या ईदला घरोघर गेले. कुनाला न्हाई म्हनायची सोय नव्हती, न्हाई म्हनलं की इचारतील का म्हनून. शिरखुर्म्याच्या सात वाट्या पिले. आठव्या दारात चक्कर यून पडले. लपवायचं तिथंच ऱ्हायलं, सगळ्या गल्लीनं खाटेवर घालून घरी आनलं. दुसऱ्या दिवशी लोकं ब्लाउजं घिऊन आलीच. फकस्त चा बिनसाखरेचा देत्यात आता, एवढाच फरक. पुढं डोळ्याला त्रास झाला तवा सुई ववायचं तार घेतलं, बारीक हातशिलाई तमन्नाला शिकवली, आनि मी कटिंग नव्यानं शिकले. साठाव्या वरशी. पयले दोन कपडे वाया घातले.

माझ्याकडं शिकायला येनारी पोरगी 'जमत न्हाई' म्हनून उठली तर मी तिला कापड टाकून जाऊ देत न्हाई. हातात ब्लेड देते, उसव म्हनते. उसवताना कळतं कुठं चुकलं.

संगं धा कागूद धाडलेत. कापड बेतायच्या खडूनं दीड दीड इंचावर रेघा मारल्यात. अक्षराचं डोकं वरच्या रेघेला आनि पाय खालच्या रेघेला लागलाच पायजे. वाकडं चालंल, बारीक चालनार न्हाई. आनि सोताच्या हातानं.

मुबारक


नगर, १४ सप्टेंबर २०२५

मुबारक,

तीन आठवडे तुझ्यावर चिडून होते. हे तर अजून आहेत. तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाने यांच्या नकलेवर बोट ठेवलं नाही, आणि तिसगावच्या एका शिंपिणीने टेप लावून पकडलं, हे त्यांना जेवण जात नाही इतकं लागलंय. 'सदर' हा शब्द त्यांनी घरात बोलायचा सोडलाय.

हे अक्षर माझं आहे. बघ कसं आहे ते. तुझ्या रेघांवर लिहितेय, एका पानावर सहा ओळी मावतात, म्हणून हे पत्र म्हणजे बाडच झालंय. अर्धं पान झालं की थांबते, हात झटकते, पुन्हा धरते.

खोटं का लिहिलं ते सांगते. आमच्या सोसायटीत भिशी आहे, बारा जणी. मार्चमध्ये माझ्या हातात चहा आला आणि कपबशी वाजायला लागली. सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी म्हटलं, एसी फार आहे हो तुमच्याकडे. एसी बंद होता. त्यानंतर मी भिशीला गेलेच नाही. कधी पाहुणे आलेत सांगते, कधी गुडघा. भाजीसुद्धा हे आणतात. मुबारक, मला लाज वाटते. दुखण्याची भीती वाटते त्यापेक्षा लाजच जास्त वाटते. आणि तिसगावात तर मी 'बाई' आहे. फळ्यावर माझं अक्षर बघून लोक पोरांना माझ्या वर्गात घालायचे. त्यांच्यासमोर हा हात घेऊन मी पाटी रंगवायला कशी उभी राहू? खरं कारण हे आहे. व्याप कसला डोंबलाचा.

पण एक गंमत झाली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या रेघांवर अक्षर आकसत नाही. देवश्रीला दाखवलं तर ती उडीच मारायची बाकी होती. म्हणाली, डोळ्यांना माप दिलं की हात ते माप धरतो, आणि मनगटाऐवजी खांद्यातून मोठं लिहिलं तर आणखी चालेल. तेव्हापासून मी सकाळी गच्चीवर जाते. बादलीत ब्रश बुडवून टाकीच्या भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं काढते. ऊन लागलं की वाळून जातात, म्हणजे पुरावा राहत नाही. पहिले आठ दिवस सगळी अक्षरं उताराला लागली होती. आता उभी राहतात. परवा 'त' असा आला की मी एकटीच हसले.

पण हे सगळं एकटी असताना. परवा हे मागून येऊन उभे राहिले आणि ब्रश तिथल्या तिथे नाचायला लागला. कुणी बघतंय म्हटलं की झालं. तेव्हा तू पत्रा इकडे पाठव, मी गच्चीवर लिहून देते. तिकडे यायला सांगू नकोस.

शोभा


तिसगाव, २२ सप्टेंबर २०२५

शोभे,

साडेसहा मार्क. सातच देनार हुते, पन तिसऱ्या पानावर दोन ओळी रेघेच्या आत आल्यात. भाऊजींना सांग, नक्कल झ्याक हुती, फकस्त लईच झ्याक हुती.

पत्रा सहा फुटी हाय, एस्टीत घेत न्हाईत आनि फैयाजचा टेम्पो शेवगावला भाड्यानं गेलाय. तूच ये. ५ तारखेला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठिवते. आत मी आनि तमन्ना, तिसरं मानूस न्हाई. तू गोळी कवा घेती त्ये कळव, त्या हिशोबानं चा-पानी करू. तमन्नाला मी सांगितलं न्हाई काही. तुझं दुखनं तू सांगायचं का न्हाई त्ये तुझं तू बघ.

धा अक्षरं बी न्हाईत गं. ये.

मुबारक


नगर, ६ ऑक्टोबर २०२५

मुबारक,

काल तुझ्या दुकानातून मी चपला अर्ध्या घालून पळाले. तुझ्याशी बोलले नाही, तमन्नाच्या हातचं जेवले नाही. एस्टीत बसल्यावर रडू आलं, आणि करंजी घाट उतरेपर्यंत ते थांबलं नाही. माफ कर.

'तमन्ना' किती छान आलं होतं. तू रेघा आखून ठेवल्या होत्यास, हात खांद्यातून जात होता, मला एक क्षण विसरही पडला होता की हा आजारी हात आहे. 'टे' काढला आणि शटर वर गेलं. लंकाबाई. समोर भाजीचं दुकान लावते ती. तिला ब्लाउज टाकायचा होता, तिची काय चूक. ती 'बाई, तुमी?' म्हणाली आणि तिची नजर माझ्या हातावर गेली ती तिथेच खिळली. मग ब्रश सुटायला लागला. पांढरा रंग माझ्या पदरावर, पत्र्यावर. ती बघतच राहिली, मुबारक. नुसती बघत होती, पापणी न हलवता. मी तिच्या पोरीला चौथीत शिकवलंय. आता आज बाजारात हाच विषय असेल.

पत्रा पुसून टाक. तमन्नाचं उद्घाटन तीन दिवसांवर आलंय, फैयाजला फ्लेक्स करायला सांग. तिचा फोटोही टाका. मी प्रयत्न केला, नाही जमलं. 'अजून' वगैरे देवश्रीला राहू दे.

शोभा


तिसगाव, ११ ऑक्टोबर २०२५

शोभे,

पत्रा पुसला न्हाई. टांगला.

व्हय. जसा हाय तसा. 'तमन्ना टे'. गुरुवारी उद्घाटन झालं, त्याच पाटीखाली. फैयाज दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. लोकं यून वर बघत्यात, मंग माझ्याकडं बघत्यात. इचारलं तर मी सांगते, बाईंनी काढलीये, बाकीचं बाईच काढनार हायेत, कवा त्ये त्येंनाच ठावं. तमन्नाला पोरं 'टे' म्हनून चिडवत्यात. पयल्या दिवशी ती रडकुंडीला आली, काल म्हनाली, आजी, तीन बाया नुस्ती पाटी बघून आत आल्या, त्यातल्या दोघींनी ब्लाउजं टाकली. आता ती म्हनती घाई न्हाई.

लंकाबाई दोनदा आली. तुझी चौकशी करत हुती, नगरात कुठं ऱ्हाता, कधी येनार. मी काय बी सांगितलं न्हाई. तुझ्या दुखन्याची गोष्ट माझ्या तोंडातनं जानार न्हाई, म्या कबूल केलंय.

पन एक सांगते, राग आला तर येऊ दे. तू त्या दिवशी पळालीस, त्ये हात थरथरला म्हनून न्हाई. दुसऱ्याच्या डोळ्यात पडलीस म्हनून. हात तर थरथरनारच हाय, तो काय तुला इचारून थरथरतो? तू 'नाही जमलं' लिवलंस. चार अक्षरं जमली की. मी मोजलीत. उरलेल्या दोनाची शिलाई व्हायचीये, तवर कापड मशीनवरनं काढनार न्हाई.

मुबारक


नगर, तुझ्या घरी, तुझ्याच टेबलावरून
१६ ऑक्टोबर २०२५, दुपार

शोभे,

पाच दिवस झाले, तुझा कागूद न्हाई. मला ऱ्हावलं न्हाई. बाजारच्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं तमन्नावर टाकून सकाळची एस्टी धरली आनि तुला ओढून न्यायला इथं आले. दार भाऊजींनी उघडलं. मला बघून त्येंचा चेहरा असा झाला की वॉरंट घिऊन आले की काय.

तू सकाळीच तिसगावला गेलीस म्हनाले. एकटी. त्यांना येऊ दिलं न्हाईस. म्हंजे घाटात कुठंतरी आपल्या एस्ट्या एकमेकींच्या अंगावरनं गेल्या, आनि मी खिडकीत बसून तुला शिव्या देत हुते.

भाऊजी तमन्नाला फोन लावनार हुते. मी फोन काढून घेतला. फोन वाजला की तू दचकशील, ब्रश सुटंल. तवा आमी दोघं गप बसलोय. त्येंनी चा केला, सवयीनं साखर घातली, मंग सोताच पिले आनि मला दुसरा केला. सारखं घड्याळाकडं बघत्यात. म्हनाले, दीडपर्यंत गोळी चालंल, मंग उतरंल. आता एक वाजून चाळीस झालेत.

शोभे, मला भ्या वाटतंय. पाटी टांगली तवा मला लई शहानपना सुचला हुता, पन आता इथं बसल्यावर वाटतंय, ह्या बाईला मी चारचौघात नागवं तर केलं न्हाई? आठव्या दारात पडले ती माझी मी पडले. तुझी पाटी मी लोकांत लावली, तुला इचारलं बी न्हाई. चुकलं असंल तर माफ कर. ही चिठ्ठी तू घरी आलीस की भाऊजी देतील. मी चारच्या एस्टीनं निघते. तू रस्त्यात भेटलीस तर बोलीनच, न्हाई तर हे.

मुबारक


तिसगाव, तुझ्या दुकानातून
१६ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ

मुबारक,

तू मला आणायला नगरला गेलीस, हे तमन्नाने सांगितलं आणि मी तुझ्या मशीनवर डोकं ठेवून हसले. तू येईपर्यंत तुझ्या बेतायच्या कागदावर, तुझ्याच खडूने लिहितेय. साडेपाच वाजलेत, दुपारची गोळी उतरत आलीय, तेव्हा थोडकंच लिहीन.

स्टँडवर उतरले तेव्हा लांबूनच पाटी दिसली. 'तमन्ना टे'. राग आला होता तुझा, फार. तीन दिवस मी उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. पण उतरल्यावर ते 'टे' एवढं उघडं पडलेलं बघितलं, आणि मला ते पोरकं वाटलं. माझंच होतं ना ते. मी त्याला तसं टाकून पळाले होते.

बाजार ऐन भरात होता. मी तमन्नाला म्हटलं, पाटी उतरवू नकोस, स्टूल आण, बाहेर. ती म्हणाली, आतच करू ना बाई. मी म्हटलं, नको. स्टुलावर चढले तेव्हा पाय थरथरत होते, हात तर होताच. आणि समोरून लंकाबाई आली. तशीच बघायला लागली, त्या दिवसासारखी. या वेळी मी पळाले नाही. मोठ्याने बोलायचं म्हणून देवश्रीने शिकवलेला श्वास घेतला आणि म्हटलं, "लंकाबाई, मला कंपवात आहे. हात असाच हलतो, बरा व्हायचा नाही. पण मला ही पाटी आज पुरी करायचीय. स्टूल धरता का?"

बाजारातल्या पाच-पंचवीस माणसांनी ऐकलं असेल. माझा आवाज एवढा निघाला याचंच मला नवल. लंकाबाईने दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि खाली मान घालून रडायला लागली. मला वाटलं हिला माझी कीव आली. तसंच 'ल' काढला, तो बरा आलाय. 'र्स' दोनदा पुसला. तिसऱ्या वेळी आला तो नागमोडी आहे, तू टेप लावशील तर तुझंच डोकं फिरेल. ठेवलाय तसा. मला तो आवडलाय.

खाली उतरले तर लंकाबाई नाही. म्हटलं गेली. अर्ध्या तासाने परत आली ती रंगनाथ भाऊंना घेऊन. तिचे यजमान, आठवतात ना? बाजारात तराजू धरून ओरडायचे तर आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा. उजवा हात सदऱ्याच्या खिशात घट्ट दाबलेला, पावलं घासत चाललेले. दोन वर्षं घराबाहेर पडले नव्हते. लंकाबाई सगळ्यांना गुडघे म्हणून सांगायची. त्या दिवशी ती माझा तमाशा बघत नव्हती, मुबारक. ती हात ओळखत होती. तिला विचारायचं होतं की बाई, तुम्हाला हेच झालंय ना, आणि मी तिला तोंड उघडायच्या आत चपला घातल्या.

भाऊंना ओट्यावर बसवलं. त्यांचा आवाज पार तळाला गेलाय. मी ब्रश पाण्यात बुडवून त्यांच्या हाती दिला आणि म्हटलं, फरशीवर काढा, मोठं काढा, वाळून जातं, कुणाला कळत नाही. त्यांनी बराच वेळ हात खिशातून काढलाच नाही. मग काढला. लंकाबाईने तोंड फिरवलं, त्यांना बघितल्यासारखं वाटू नये म्हणून. त्यांनी एक भलं मोठं वेडंवाकडं 'रं' काढलं, आणि ते वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

जाताना माझ्या अगदी कानाशी येऊन विचारलं, उद्या पण येऊ का. मी नगरला परत निघणार होते, पिशवी खांद्याला होती. ती खाली ठेवली. म्हटलं, या. पण दहानंतर या, तोवर माझी गोळी लागू पडत नाही.

शोभा